तारावाला जायचंय? आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा

तारावाला जायचं ठरलं की माणूस सगळ्यात आधी विमानाचं भाडं बघायला लागतो. ते जरा थांबू दे. आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि अमावास्या-पौर्णिमा कधी येतायत ते बघा. यात धार्मिक काही नाही. तिथे बघण्यासारखं जे आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाईचे अवशेष, त्यातलं बरंचसं पाण्यात उभं आहे आणि समुद्र मागे हटला तरच त्याच्याजवळ जाता येतं.

तारावा ही पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती या देशाची राजधानी. विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश उत्तरेला असलेलं हे कंकणद्वीप. मधे उथळ लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं समुद्राचं पाणी, आणि कडेने प्रवाळाच्या चुऱ्याच्या अरुंद पट्ट्या, समुद्रापासून दोन-तीन मीटरहून उंच जागा सापडणं मुश्कील. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला बेशो नावाचं बेट आहे. नकाशावर इंग्रजी स्पेलिंग वाचून तुम्ही 'बेटिओ' म्हणाल, पण तिथल्या भाषेत 'टी-आय' ही जोडी 'स'च्या जवळ जाते. म्हणून देशाचं नावही तिथे 'किरिबास' असं ऐकू येतं. बेशो मरीन ड्राइव्हपेक्षाही थोडं आखूडच आहे. एवढ्याशा जागेत अमेरिका-जपान लढाईत २० ते २३ नोव्हेंबर १९४३ या ७६ तासांत सुमारे एक हजार अमेरिकन आणि साडेचार हजारांच्या वर जपानी सैनिक व कोरियन मजूर मेले.

पहिली पायरी: लढाई पाण्याने कशी फिरवली ते समजून घ्या

हे घरी बसून केलंत तरच तिथे गेल्यावर डोळ्यांना काही दिसेल. नाहीतर गंजलेलं लोखंड आणि काळं पडलेलं काँक्रीट, एवढंच.

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेच्या मरीन, म्हणजे समुद्रातून उतरून लढणाऱ्या, सैनिकांच्या एका तुकडीने पाणबुड्यांतून येऊन उत्तरेकडच्या माकिन (आताचं बुतारितारी) बेटावर छापा घातला. छापा तसा किरकोळ होता, पण जपान्यांना कळलं की ही बेटं उघडी पडली आहेत. त्यांनी बेशोवरच्या लोकांना शेजारच्या बेटांवर हलवलं, मधोमध धावपट्टी केली आणि माडाची खोडं, वाळू, काँक्रीट वापरून सगळा किनारा तटबंदीने भरून टाकला. शेवटचा जपानी सेनापती रिअर अ‍ॅडमिरल केइजी शिबाझाकी. दहा लाख माणसं आणि शंभर वर्षं लागतील हे बेट घ्यायला, अशी बढाई त्याच्या नावावर सांगितली जाते. तो पहिल्याच दिवशी मारला गेला.

अमेरिकनांनी लगूनच्या बाजूने उतरायचं ठरवलं. बेटाभोवती प्रवाळाचा रुंद, सपाट खडक आहे. सैनिक घेऊन जाणाऱ्या होड्यांना तो ओलांडायला साधारण चार फूट पाणी लागणार होतं. या बेटांवर बरीच वर्षं काढलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने 'तीन फूटही मिळणार नाही' असं बजावलं होतं. तरी बेत तसाच राहिला.

कोकणातल्या कोणत्याही कोळ्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं: त्या दिवशी भांग होता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी ना नीट चढतं ना नीट उतरतं. २० नोव्हेंबरला वद्य पक्षातला अर्धा चंद्र होता आणि त्यातून तो पृथ्वीपासून लांबच्या टप्प्यावर होता, म्हणजे ओढ आणखी कमी. तासन्‌तास खडकावर पाणी चढलंच नाही. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं खडकावरून सरपटत किनाऱ्यापर्यंत गेली, पण ती कमी होती. बाकीच्या होड्या कडेलाच अडकल्या आणि माणसं कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यातून पाचशे मीटर आणि त्याहून जास्त चालत निघाली, समोरून मशीनगनचा मारा झेलत. भांगाच्या त्या भरतीचा नीट गणिती उलगडा व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं.

दुसरी पायरी: तारीख

तुम्हाला उलटं हवं आहे. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस धरा. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं बेशोचं भरती-ओहोटीचं कोष्टक प्रसिद्ध करतं. त्यात दिवसाउजेडी येणारी सगळ्यात खोल ओहोटी शोधा आणि तो दिवस मुक्कामाच्या मधोमध ठेवा.

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल जास्त, पण एल निनोच्या वर्षी हे गणित कोलमडतं. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मोठं उधाण आणि वारा एकत्र आले तर समुद्र रस्त्यावरही येतो. उकाडा बाराही महिने तोच. मे महिन्यातली रत्नागिरी सोसणाऱ्याला त्यात नवल नाही, पण ऊन मात्र डोक्यावर सरळ येतं.

तिसरी पायरी: तिकीट आणि कागदपत्रं

तारावाला जायचा सरळ रस्ता फिजीतल्या नांदीवरून जातो. तिथून साधारण तीन तासांचं उड्डाण, तेही आठवड्यातून मोजकेच दिवस. मुंबईहून सिंगापूर, सिंगापूरहून फिजी, मग तारावा असा क्रम लावला तर बरं. सिडनीवरून जाणं नकाशावर सोपं दिसतं, पण भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो.

भारतीय पर्यटकांना फिजी आणि किरिबाती या दोन्ही देशांत थोड्या दिवसांसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही असा सध्याचा नियम आहे. नियम बदलायला वेळ लागत नाही, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी विमान कंपनीकडून लेखी खात्री करून घ्या. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण छापून जवळ ठेवा.

नवख्यांची एक चूक फार महाग पडते. किरिबातीत दुसराही एक विमानतळ आहे, किरितिमातीचा. वर सांगितलेला 'स'चा नियम लावून नाव वाचा: किरिसमास, म्हणजे ख्रिसमस बेट. देश एकच, पण तारावापासून ते तीन हजार किलोमीटरहून जास्त पूर्वेला आहे. तिकिटावर विमानतळाचं नाव 'बोनरिकी' आहे ना, हे दोनदा बघा.

जाताना आणि येताना नांदीत एकेक मोकळा दिवस ठेवाच. विमान रद्द झालं तर पुढचं दुसऱ्या दिवशी नसतं. नांदीचा दिवस फुकट जात नाही. गिरमिटिया, म्हणजे कराराने नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचं ते शहर. हिंदीत बोलून डाळ, पीठ, लोणचं, मसाला सगळं मिळतं. शाकाहारी असाल तर पोटाची सोय तिथेच करून घ्या. मात्र किरिबातीच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू लपवू नका, फॉर्मवर लिहा. बंद पाकिटातलं कोरडं सामान न्या. ताजी फळं, बिया नकोत.

चौथी पायरी: बॅग

कपडे कमी चालतील. न विसरण्याच्या गोष्टी या: पाण्यात घालता येतील असे जाड तळव्याचे जुने बूट, रुंद काठाची टोपी, डासांचं मलम (डेंग्यू असतो), ओआरएसची पाकिटं, जखमेवर लावायचं औषध आणि नेहमीच्या गोळ्या पुऱ्या मुदतीच्या. प्रवाळाने कापलं की साधा चराही चिघळतो. प्लगसाठी ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, तिरक्या पात्यांचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. देशाचं चलनच ते आहे. एटीएम आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. लहान नोटा रोख जवळ ठेवा. घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे.

पाचवी पायरी: उतरल्यावर

बोनरिकी विमानतळ आग्नेय टोकाला आणि बेशो नैर्ऋत्य टोकाला. मधला तीसेक किलोमीटरचा प्रवास एकाच रस्त्याने होतो, कारण दुसरा रस्ता असायला जमीनच नाही. काही ठिकाणी एका खिडकीतून लगून आणि दुसरीतून महासागर दिसतो. बिकेनिबेउ, अंबो, बैरिकी अशी गावं ओलांडत शेवटी बैरिकी ते बेशो हा बांध येतो. १९८७ मध्ये तो जपानच्या मदतीने बांधला गेला. त्याआधी बेशोला होडीनेच जावं लागे. ज्या बेटासाठी जपानची हजारो माणसं मेली तिथे आज गाडीने जाता येतं ते जपानी पैशांमुळे. बसमध्ये बसून हे आठवलं की गंमत वाटते आणि वाटतही नाही.

मिनिबस सतत धावतात, हात केला की थांबतात, उतरायचं असेल तिथे आवाज द्यायचा. 'इकाई' म्हणजे 'इथे'. 'मौरी' म्हणजे नमस्कार, 'को रब्वा' म्हणजे आभारी आहे. या तीन शब्दांवर पहिला दिवस निघतो.

मुक्काम कुठे? फक्त अवशेष बघायचे असतील तर बेशोतच राहा, ओहोटीची वेळ पहाटेची निघाली तरी गाठता येते. शांतता हवी असेल तर बिकेनिबेउकडे. पहिल्या दिवशी तिथलं 'ते उमानिबोंग' हे छोटं राष्ट्रीय संग्रहालय बघून घ्या.

सहावी पायरी: बेशोचा दिवस

आधी मनातून एक चित्र पुसून टाका. इथे तिकीटखिडकी नाही, कुंपण नाही, हिरवळ नाही. सुमारे दीड चौरस किलोमीटरच्या बेटावर सतरा-अठरा हजार माणसं राहतात. देशाचं मुख्य बंदर इथेच आहे. बंकरच्या भिंतीला लागून कुणाचं स्वयंपाकघर, तोफेखाली मुलांचा खेळ, पिलबॉक्सला (मशीनगनच्या छोट्या काँक्रीट चौकीला) बांधलेलं डुक्कर. कचराही आहे, भरपूर आहे. कित्येक पर्यटक याबद्दल नाक मुरडतात, 'अवशेषांची आबाळ' म्हणून लिहितात. मला ते पटत नाही. हे बेट त्यांचं होतं, लढाई दुसऱ्यांची होती, आणि राहायला दुसरी जमीन नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्थानिक वाटाड्या गाठणं. राहण्याच्या ठिकाणी विचारलं की सोय होते. पैसे आधी ठरवा. त्याचा उपयोग रस्ता दाखवण्यापुरता नाही. कोणतं अंगण कुणाचं, कुठे विचारून जायचं, कुठे जायचंच नाही, हे तोच सांगतो.

क्रम ओहोटीच्या वेळेवरून ठरवा. समजा ओहोटी सकाळी उशिरा आहे. मग सुरुवात नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या तेमाकिन टोकापासून करा. तिथे आठ इंची नौदल तोफा समुद्राकडे तोंड करून अजून उभ्या आहेत. या तोफा जपान्यांनी सिंगापूर जिंकल्यावर इंग्रजांकडून पळवून आणल्या असं तुम्हाला हमखास कुणीतरी सांगेल. ती दंतकथा आहे. तोफांवरचे क्रमांक तपासल्यावर निघालं की व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने त्या १९०५ मध्ये, रशिया-जपान युद्धाच्या काळात, जपानला रीतसर विकल्या होत्या. वाटाड्याशी यावरून वाद घालू नका, दंतकथाही तिथलीच आहे.

तिथून पश्चिम किनाऱ्याने वर या. हा अमेरिकनांच्या नकाशावरचा 'ग्रीन बीच'. पुढे वळलात की लगूनची बाजू, 'रेड' एक, दोन आणि तीन. वेळ बरोबर साधली असेल तर समोर अर्धा किलोमीटर आणि त्याहून लांब खडक उघडा पडलेला दिसेल. त्यावर एका शर्मन रणगाड्याचा गंजलेला सांगाडा आणि उभयचर वाहनांचे तुकडे. पाण्यात जाण्याआधी किनाऱ्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि खडकाची बाहेरची कड कुठे आहे ते डोळ्यांनी मोजा. तेवढं अंतर ती माणसं चालली.

मग उतरा, वाटाड्याला घेऊनच. बूट घालून, पाय घासत, कारण दगडमासा वाळूत दिसत नाही. पाणी फिरण्याची वेळ घड्याळात लावून ठेवा आणि त्याआधी अर्धा तास परत फिरा. सपाट खडकावर भरती समोरून लाट होऊन येत नाही. खळग्यांतून, मागून, बाजूने भरत जाते. परतल्यावर पाय साध्या स्वच्छ पाण्याने धुवा. वस्तीजवळचं लगूनचं पाणी सांडपाण्याने दूषित आहे, तिथे पोहण्याचा मोह नको.

दुपारी उन्हात काँक्रीटचा मोठा बंकर बघा, शिबाझाकीचं मुख्यालय. दोन मजली, बोजड, भिंतींवर तोफगोळ्यांचे व्रण आहेत, पण तो उभा आहे. याची गल्लत दुसऱ्या एका बंकरशी होते. २२ नोव्हेंबरला लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनीमनने ज्यावर हल्ला चढवला आणि जिथे तो पडला, तो वाळूने झाकलेला टेकडीसारखा निवारा वेगळा. बॉनीमनला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण त्याचा देह सापडला तो २०१५ मध्ये, याच बेटावरच्या एका विसरलेल्या दफनभूमीत, इतर मरीन सैनिकांसोबत. त्यामुळे पुढची सूचना गंभीरपणे घ्या.

जमिनीत काही दिसलं तर उचलू नका. गोळे, हातबॉम्ब अजून निघतात आणि गंजलेला म्हणून बॉम्ब निकामी होत नाही. हाड दिसलं तर फोटोही काढू नका, वाटाड्याला सांगा, तो पोलिसांना कळवेल. मुलं कधीकधी काडतुसं, बिल्ले विकायला आणतात. घेऊ नका. विमानतळावर अडकाल ते वेगळंच, पण मागणी असेल तर मुलं आणखी खणतील, आणि खणताना काय हाताला लागेल याचा नेम नाही.

स्मारकं तीन-चार आहेत: अमेरिकन, जपानी, आणि सक्तीने आणलेल्या कोरियन मजुरांचं. सगळ्यात लहान आहे ते मात्र चुकवू नका. बेशोच्या दफनभूमीतला एक पांढरा क्रूस. १५ ऑक्टोबर १९४२ रोजी जपान्यांनी इथे २२ कैद्यांचे शिरच्छेद केले. त्यातले १७ न्यूझीलंडचे किनारारक्षक होते, एकेकट्या बेटावर रेडिओ घेऊन बसलेले, शत्रूची जहाजं दिसली की कळवणारे. त्यांच्याकडे शस्त्रं नव्हती. या लढाईवर ढीगभर लिहिलं गेलं आहे, या बावीस जणांवर फार थोडं.

आग्नेय टोकाला, ताकोरोंगाजवळ, आणखी तोफा आहेत. वेळ आणि पाय शिल्लक असतील तर जा.

सातवी पायरी: वागणं

गुडघे झाकणारे कपडे घाला. पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर फिरणं फार वाईट दिसतं. रविवारी बेट चर्चमध्ये असतं, दुकानं बंद, त्या दिवशी अवशेष बघायचा बेत ठेवू नका. मोठ्या छपराखालची भिंती नसलेली सभागृहं दिसतील, त्यांना मनेआबा म्हणतात. आपल्या गावच्या चावडीचा मान त्यांना आहे. बोलावल्याशिवाय आत शिरू नका, आणि बोलावलं तर चपला काढून खाली मांडी घालून बसा. मांडी घालता येणं इथे कामाला येतं.

पाणी उकळलेलं किंवा बाटलीतलंच प्या. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर आहे आणि वस्तीमुळे तो खराब झाला आहे.

खाणं म्हणजे मासा, भात, नारळ आणि डब्यातलं मांस. शाकाहाऱ्यांनी नीरफणस मागावा, तो तिथे भरपूर होतो आणि कोकणी माणसाला काप करून दाखवायचा मोह होईल. 'ब्वाब्वाई' हा अळूच्या कुळातला मोठा कंद. पाण्याच्या थरापर्यंत खड्डे खणून, पानांचं खत घालून तो वर्षानुवर्षं वाढवतात. रोजच्या जेवणात तो कमीच दिसतो, समारंभात मात्र मानाचा. माडाला चढून रस काढण्याची पद्धत आपल्या माडीसारखीच. ताजा रस 'करेवे', मुलंही पितात. आटवला की काकवीसारखा 'कमाइमाइ' होतो, तो भाताबरोबर छान लागतो. आंबवला की काय होतं ते सांगायला नको.

एखादा दिवस जास्त असेल तर

उत्तर तारावाला जा. बोनरिकीच्या पुढे बुओता ओलांडलं की वाहनं, गर्दी, कचरा मागे पडतो आणि निळं लगून खरोखरचं निळं दिसतं. अगदी उत्तरेच्या बुआरिकीत २७ नोव्हेंबर १९४३ ला उरल्यासुरल्या जपानी तुकडीशी शेवटची चकमक झाली होती. तिथे जायला होडी लागते आणि होडीलाही भरती लागते, नाहीतर ती लगूनमधल्या वाळूत रुतून बसते.

निघण्याच्या दोन दिवस आधी परतीच्या विमानाची वेळ विमान कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. बूट गोड्या पाण्यात धुऊन उन्हात टाका, वाळू आणि बिया लागलेल्या बुटांवर फिजीच्या विमानतळावर प्रश्न विचारतात. आणि शेवटची संध्याकाळ उधाणाच्या भरतीची असेल तर लगूनच्या काठावर जाऊन बसा. सकाळी ज्या खडकावरून चालत गेला होतात तो पुरता बुडालेला असेल, त्यावरून होड्या आरामात जात असतील.